राहून गेलेलं काम

उपासाच्या रविवारी घरात कुणी आवाज चढवायचा नाही, हा नियम एल्डन लॉरिट्झनने घालून दिला होता. एल्डनला जाऊन सहा वर्षं झाली. नियमही बहुधा त्याच्याबरोबरच गेला, कारण चर्चमधून आल्या आल्या, अंगातला कोटसुद्धा न काढता त्याची मुलगी जॅनली आईवर कडाडली.

"अगं, पण तुला सांगितलं होतं कुणी हा उपद्व्याप करायला?"

लारू बटाट्यांचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवत होती. चीज आणि आंबट साय घातलेल्या या बटाट्यांना सगळं सॅनपीट खोरं 'मयताचे बटाटे' म्हणतं, कारण कुणी गेलं की शेजारच्या बायका हेच घेऊन दारात उभ्या राहतात. उपास सुटायला अजून दोन तास होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लारूच्या पोटात कालपासून पाण्याचा थेंब नव्हता, पण तिला भूक अशी लागलीच नव्हती.

थोरला थेन टेबलाशी बसला होता. टर्कीचा धंदा तोच सांभाळायचा आणि गावच्या मंडळीचा बिशपही तोच. म्हणजे घरात पोटचा पोर आणि चर्चमध्ये आईचा साहेब. धाकटा कॉर्विन खिडकीशी पाठमोरा उभा होता. सेनेटर कॉर्विन लॉरिट्झन. गेल्याच आठवड्यात त्याने न्यू हॅम्पशायरची पक्षांतर्गत निवडणूक मारली होती. येत्या शनिवारी साउथ कॅरोलायना मिळालं की पक्षाची उमेदवारी खिशात, आणि मग राष्ट्राध्यक्षपद हाताच्या अंतरावर. बाकीचे ख्रिस्ती ज्यांना ख्रिस्ती मानायलाच तयार नसतात, त्या मॉर्मन पंथाचा माणूस त्या खुर्चीत! एल्डन असता तर हसला असता. "थँक्सगिव्हिंगला त्यांना आपली टर्की चालते," तो म्हणायचा, "आपला माणूस चालत नाही." पहिला जो मॉर्मन उभा राहिला त्याला तुरुंगात गोळ्या घातल्या, दोन हजार बारा साली उभा राहिला तो हरला, हे तो बोटांवर मोजून सांगायचा. कॉर्विनने बापाशी त्यावरून दोन वर्षं अबोला धरला होता.

आणि आता शुक्रवारच्या पेपरात लारूचं नाव छापून आलं होतं.

"बोल ना आई," जॅनली म्हणाली. "मूग गिळून बसू नकोस. कॅरोलायनातली चारशे चर्चं त्या पाद्र्याच्या शब्दावर मतं देतात. मंगळवारी तो कॉर्विनच्या शेजारी उभा राहून 'हा आपल्यातलाच आहे' असं सांगणार होता. आणि तू त्याच्याच मेलेल्या मुलीला बाप्तिस्मा देऊन बसलीस! तोही माझ्या पोरीला पाण्यात बुडवून!"

"ब्रिन्लीला मी विचारलं होतं," लारू म्हणाली. "ती हो म्हणाली."

"सोळा वर्षांची आहे ती! आज्जीला नाही कोण म्हणेल? शाळेत आता तिला 'भूत' म्हणून चिडवतात, माहिताय?"

ते मात्र लारूला माहीत नव्हतं. ती खुर्चीत बसली.

मेलेल्यांच्या नावाने जिवंत माणसाने पाण्यात उतरायचं, हे या खोऱ्यात कुणाला नवीन नाही. ज्यांना जिवंतपणी खरा बाप्तिस्मा मिळाला नाही, त्यांचं तेवढं काम आपण मंदिरात, म्हणजे रोजच्या चर्चहून वेगळ्या, अशाच विधींसाठी बांधलेल्या वास्तूत, करून द्यायचं. पलीकडे ते स्वीकारायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. लारूने स्वतः अशा चार हजार नावांचं काम केलं होतं. डेन्मार्कमधली खेडीच्या खेडी तिने चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून शोधून काढली होती. दर गुरुवारी ती टेकडीवरच्या मंदिरात जायची. तिथल्या पांढऱ्या शांततेत एल्डन आपल्या शेजारच्याच खुर्चीत बसलाय असं तिला अगदी खरंखुरं वाटायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पण त्यालाही नियम असतात. आपल्याच नात्यातली नावं द्यायची. परकं किंवा अलीकडं गेलेलं माणूस असलं तर त्याच्या जवळच्या माणसाची परवानगी लागते, आणि ती मिळाल्याची खूण कॉम्प्युटरवर करावी लागते.

"परवानगी होती," लारू म्हणाली.

थेनने मान वर केली. "कुणाची?"

"त्यांचीच. पाद्री गॅडींची. डिसेंबरात ग्रीनव्हिलला प्रचाराचं जेवण होतं ना, मी त्यांच्या शेजारी होते. त्यांनी मला लेनोराचा फोटो दाखवला. एकोणीस वर्षांची होती रे. रक्ताचा कॅन्सर. मी रडले. तेही रडले. आणि मग ते म्हणाले, 'बाई, तिचं काम राहूनच गेलं. कुणीतरी ते पुरं करायला पाहिजे.'"

लारूने हातातला ओव्हनचा रुमाल मांडीवर ठेवला.

"मी विचारलं, 'तिचं काम खरंच झालं नाही?' ते म्हणाले, 'नाही ना, अर्धवट राहिलं.' मी म्हटलं, 'मग मी करवून घेते, काळजी करू नका.' त्यांनी माझा हात हातात घेतला. 'देव तुमचं भलं करो' म्हणाले. फोटोच्या मागे तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, सगळं लिहिलेलं होतं. तो फोटो त्यांनी मला देऊन टाकला. आता परवानगी म्हणजे आणखी काय असतं?"

जॅनलीने कपाळावर हात मारला. "अरे देवा! अगं, ती नर्सिंग शिकत होती. गरिबांसाठी दवाखाना काढायचा होता तिला. ते काम! त्याला वाटलं तू देणगी गोळा करून देणार आहेस!"

लारू तिच्याकडं बघत राहिली. 'काम' या शब्दाला आणखी काही अर्थ असेल, हे गेल्या दोन महिन्यांत तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. या खोऱ्यात मेलेल्या माणसाचं काम म्हटलं की दुसरा अर्थच नव्हता. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं तिला वाटलं, आणि शरमेने तिचे कान तापले.

कॉर्विन पहिल्यांदाच खिडकीपासून वळला. चोपन्नाव्या वर्षीही तो देखणा होता. आवाजही त्याने बापाचाच घेतला होता, मऊ आणि जड.

"आई, तुझा हेतू चांगला होता, हे मला ठाऊक आहे."

"हो का?" थेन म्हणाला. "मग तेच सांग ना लोकांना. आईला शब्द कळला नाही, चूक झाली, माफ करा. खरं आहे ते."

"खरं आहे, पण पुरत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, थेन. 'शब्द कळला असता तर? त्या मुलीला या पाण्याची गरज होती असं तुमच्या आईला का वाटलं? तुम्हालाही वाटतं का?' तिथं माझं घोडं अडतं." त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि आईसमोर ठेवला. "म्हणून प्रश्नच येऊ द्यायचा नाही."

लारूने चष्मा लावला. कागदावर सात ओळी होत्या. गेले वर्षभर माझी स्मरणशक्ती मला दगा देते आहे. मी काय करते याचं मला भान राहत नाही. घरच्यांनी मला कॉम्प्युटरपासून दूर ठेवायला हवं होतं.

तिने दोनदा वाचलं.

"म्हणजे मी वेडी झालेय," ती म्हणाली.

"वेडी नाही गं. वय झालं. कुणाच्या घरात म्हातारं माणूस नाही? लोकांना दया येईल. जॅनलीच्या फोनवर एक मिनिटाचं चित्रण. आत्ताच, म्हणजे संध्याकाळच्या बातम्यांना मिळेल."

"प्रभूच्या दिवशी?" थेन म्हणाला. "उपासाच्या रविवारी, आईच्या तोंडून खोटं वदवून घेणार, आणि तेही निवडणुकीसाठी?"

"तू नको रे शिकवूस," जॅनली त्याच्यावर उलटली. खरं म्हणजे कॉर्विनच्या निवडणुकीला तिचा पहिल्यापासून विरोध होता. ख्रिसमसला दोघा-तिघांसमोर तिने त्याला 'बाशिंग बांधून बसलेला' म्हटलं होतं. पण आता पोरीचं नाव गावभर झालं होतं, तेव्हा ती कॉर्विनच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "आज्जीचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हटलं की ब्रिन्लीही सुटते. तुझं काय जातंय? टर्की तर नाही ना थांबणार?"

थेनचा चेहरा लाल झाला. तो आईकडं वळला तेव्हा त्याचा आवाज मात्र खाली आला होता. "आई, तू मंदिरात जायच्या दाखल्यासाठी माझ्यासमोर बसतेस तेव्हा मी काय विचारतो? 'सगळ्या व्यवहारात प्रामाणिक आहेस का?' तू हो म्हणतेस. चुकून खूण केलीस ते मी समजू शकतो. पण हा कागद जाणूनबुजून वाचलास, तर मला तुझा दाखला परत घ्यावा लागेल. मुलगा म्हणून नाही."

"बिशप म्हणून," लारू म्हणाली.

"हो."

एकाला तिची बुद्धी हवी होती आणि दुसऱ्याला तिचे गुरुवार. दोघांनाही तिनेच पाजलं होतं. लारूला दोघांचाही सणसणीत राग आला, आणि त्या रागाने तिला जरा बरंच वाटलं.

"आधी मी त्यांच्याशी बोलणार," ती म्हणाली.

"कुणाशी?"

"गॅडींशी. ज्याची मुलगी गेली त्याला सोडून तुम्ही सगळ्या जगाची समजूत काढायला निघालात. आधी मी त्याची माफी मागते. मग कागदाचं बघू."

जॅनली नको नको म्हणत होती. कॉर्विनने क्षणभर विचार केला आणि स्वतःच नंबर लावून दिला. आईच्या रडण्याने म्हातारा विरघळला तर बरंच, असा हिशोब त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसला. लारू फोन घेऊन कपडे धुवायच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

पलीकडून पुरुषाचा थकलेला आवाज आला. तिने नाव सांगितलं.

"बोला, बाई."

ती बोलली. काम, अर्धवट, तिला काय वाटलं, तिने काय केलं, सगळं. शेवटी म्हणाली, "मी चुकले. तुम्हाला दुखवायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. मला ती पोर आवडली होती हो."

"त्याबद्दल शंका नाही," पाद्री गॅडी म्हणाले. "म्हणूनच तर त्रास होतोय. कुणी खोडसाळपणा केला असता तर मी चार शिव्या मनात घातल्या असत्या आणि विसरलो असतो. बाई, एक विचारू?"

"विचारा."

"लेनोरा अकरा वर्षांची होती. तिला एनोरी नदीत मी बाप्तिस्मा दिला. मी, या हातांनी. पाणी गार होतं, तिचे दात वाजत होते, मी तिला पूर्ण पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. तिच्या आजारपणात शेवटी तिला काहीच लक्षात राहत नव्हतं, पण ते राहिलं होतं. 'बाबा, नदी' म्हणायची. माझा हात कमी पडला का हो, बाई?"

लारूने तोंड उघडलं. चार हजार नावांचं काम केलेली बाई ती. उत्तर तिला लहानपणापासून पाठ होतं. अधिकार असलेल्या हातानेच बाप्तिस्मा लागतो, आणि तो अधिकार फक्त आपल्याकडं आहे. पण ते या माणसाला सांगायचं म्हणजे त्याच्या मुलीला पुन्हा एकदा मारायचं. तिने तोंड पुन्हा मिटलं.

"मी माझ्या लोकांना दोन महिने सांगत होतो," गॅडी म्हणाले, "की मॉर्मनही आपल्यासारखेच ख्रिस्ती आहेत, या माणसाला मत द्या. माझेच पाळक मला त्यावरून टाकून बोलले. आणि तुम्ही मला कळवलंत, की मीच ख्रिस्ती नाही."

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

लारूने टोपलीतला टॉवेल उचलून परत ठेवला.

"खरं सांगू?" ते म्हणाले. आता त्यांचा आवाज फाटला होता. "त्या दिवशीपासून मला झोप नाही. मी पडल्या पडल्या तुमच्याशी वाद घालतो. मला कुणी सांगितलं असतं ना, की त्या म्हातारीचं डोकं फिरलंय, तिला काही कळत नाही, तर मी झोपलो असतो. पण तुम्हाला सगळं कळतंय."

फोन बंद झाल्यावरही लारू कपड्यांच्या टोपलीशेजारी उभी होती. मग तिने पदर नसलेल्या बाईने पुसावेत तसे बाहीने डोळे पुसले आणि बाहेर आली.

"काय म्हणाला?" कॉर्विनने विचारलं. "येतोय मंगळवारी?"

"त्याने मला एक विचारलं. तेच मी तुला विचारते. त्याने मुलीला स्वतःच्या हाताने नदीत बाप्तिस्मा दिला होता. तो पुरला की नाही?"

कॉर्विनने श्वास घेतला. "प्रत्येक परंपरेचा मी मनापासून आदर करतो, आणि मला वाटतं की देवाच्या प्रेमाला..."

"भाषण नको. मी तुझी आई आहे, टीव्ही नाही. पुरला की नाही?"

कॉर्विनने थेनकडं बघितलं.

"नाही पुरला," थेन टेबलावरून म्हणाला. "आपण तेच मानतो. कॉर्विनही तेच मानतो. मिशनवर असताना त्याने दोन वर्षं ब्राझीलमध्ये दारोदार हेच सांगितलं."

"हे जर मी तिकडं बोललो, तर शनिवारी माझं दुकान बंद," कॉर्विन म्हणाला.

"आणि पुरला म्हणालास तर?" लारूने विचारलं.

पुरला म्हणाला तर तो आपला राहत नाही, नाही म्हणाला तर त्यांचा होत नाही. एल्डनला हे टर्की विकता विकता कळलं होतं. याला इतकं शिकून कळलं नाही, की कळूनही तो निघाला होता, हे लारूला आता ठरवता येईना.

"तू निवडून येणार नाहीस, कॉर्विन," ती म्हणाली. "माझ्यामुळं नाही. मी नसते तर दुसऱ्या कुणाची तरी आई सापडली असती. हा प्रश्न तुला प्रत्येक गावात कुणीतरी विचारणार, आणि तुझ्याकडं उत्तर नाही."

कॉर्विनच्या गालावरचा स्नायू हलला. लहानपणी मार खाताना हलायचा तसाच. मग तो तिच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला आणि त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"आई, मी बारा वर्षं यासाठी घासलंय. इथवर पोचलोय. तुझ्याकडं आजवर काही मागितलं नाही. वाच ना गं."

थेन पुटपुटला, "लाज वाटू दे."

लारूने कागद ओढून घेतला. "वाचते. पण तुझ्यासाठी नाही, हे ऐकून ठेव. त्या माणसाला झोप यायला हवी. म्हातारीचं डोकं फिरलंय एवढंच त्याला पुरतं, तर फिरू दे."

"म्हणजे?" जॅनलीने विचारलं.

"तुला नाही कळायचं. लाव तो फोन."

जॅनलीने तिला उजेडाकडं तोंड करून बसवलं. केस नीट करायला हात पुढं केला आणि काही विचार करून मागे घेतला. लारूने एकतीस वर्षं चौथीच्या मुलांना शिकवलं होतं. तिने सातही ओळी खणखणीत वाचल्या. स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला नजर वर केली. लेनोरा जेन गॅडी हे नाव तिने असं घेतलं, की थेनने डोळे मिटले.

जॅनलीने फोन खाली केला. "आई..."

"काय झालं?"

"फारच छान वाचलंस गं."

"मग?"

"भान नसलेली बाई अशी वाचते का? कुणाचा विश्वास बसेल?" तिचा आवाज बारीक झाला होता. "जरा अडखळ. एक-दोन ठिकाणी."

लारूने कॉर्विनकडं बघितलं. आता तरी हा नको म्हणेल, फोन काढून घेईल, असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. ओव्हनमधून चीज करपल्याचा वास येत होता आणि कुणी उठत नव्हतं.

"थोडंसंच, आई," कॉर्विन म्हणाला. "नावापाशी. ते नैसर्गिक वाटेल."

थेनची खुर्ची मागे सरकली. "येत्या गुरुवारी मंदिरात येऊ नकोस, आई," तो म्हणाला. तो कोट न घेताच बर्फात बाहेर पडला. थोड्या वेळाने त्याच्या गाडीचा आवाज आला.

लारूने पुन्हा वाचलं. तिसऱ्या ओळीत ती थांबली, ओळ चुकली, पुन्हा मागे गेली. नावापाशी आली तेव्हा 'ले' म्हणाली आणि पुढचं विसरल्यासारखा तिने कागद डोळ्यांजवळ नेला. जॅनली फोनमागे रडत होती, पण तिचा हात हलला नाही.

"झालं," कॉर्विन म्हणाला. त्याने ते चित्रण दोनदा बघितलं आणि कुणालातरी पाठवून दिलं. मग खाली वाकून त्याने आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "तुझे उपकार विसरणार नाही, आई."

लारूने मान वर करून त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. भुवई एल्डनची, आवाज एल्डनचा, हनुवटीवरचा व्रण सातव्या वर्षी सायकलवरून पडल्याचा. टाके घालताना त्याने तिचं बोट घट्ट धरलं होतं.

"तू कोण रे?" तिने विचारलं.

जॅनली ओल्या डोळ्यांनी हसली. "बंद झालाय गं कॅमेरा, आई."

"माहिताय," लारू म्हणाली. "तुला नाही विचारलं. त्याला विचारतेय."